सात नावं, दोन पानं

पहाटे ५.३०

पाणी भरून झालं. वरळीच्या बीडीडी चाळीत ज्याची १६० चौरस फुटांची खोली आहे, त्याला ही वेळ चुकवून चालत नाही. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, मधून लांब पॅसेज आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळीला अशा १२१ इमारती बांधल्या. त्यांतल्या काही आता पाडल्या गेल्या, त्या जागी टॉवर आले आणि १४ ऑगस्ट २०२५ला पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमची इमारत पुढच्या टप्प्यातली आहे.

मी परळच्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांची देवघेव हा आता माझ्या कामाचा लहानसा भाग राहिलाय. मोठा भाग आहे आकड्यांचा. कोणत्या शास्त्रज्ञाचे किती शोधनिबंध, त्यांचा दाखला पुढे किती जणांनी घेतला, कोणाबरोबर काम केलं, हे सगळं शोधून, तपासून, तक्त्यात मांडून द्यायचं. उद्या बढतीच्या समितीची बैठक आहे आणि माझा अहवाल आज संध्याकाळपर्यंत जायला हवा. चहा गाळता गाळता मनात यादी चालू आहे: कोणाचे आकडे तपासून झाले, कोणाचे राहिले.

सकाळी ७.००

समोरच्या खोलीतल्या काकू फाईल घेऊन आल्या. "अगं, जरा बघ ना. आधारावर माझ्या नावापुढे बाई आहे, भाड्याच्या पावतीवर नाही. रेशनकार्डावर तर ह्यांच्या नावाचं स्पेलिंगच वेगळं. नव्या घराच्या पात्रतेत अडकेल का गं?"

आमच्या मजल्यावर सध्या प्रत्येक घरात हीच फाईल उघडलेली असते. तीन कागदांवरची तीन नावं एकाच बाईची आहेत, हे सिद्ध करायचं असतं. मी काकूंना सगळ्या कागदांच्या प्रती एकत्र करून दिल्या, प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं ते सांगितलं. ऑफिसातही माझा अर्धा दिवस ह्याच कामात जातो.

शोधनिबंधांवर बहुतेक वेळा आडनाव आणि आद्याक्षरं असतात. पाटील एस., कुलकर्णी एस., जाधव आर.: अशा नावांखाली संगणक महाराष्ट्रातल्या डझनभर माणसांचं काम एका खात्यात जमा करतो. उलटही होतं. वडिलांचं आद्याक्षर एका निबंधात आहे, दुसऱ्यात नाही, की एका माणसाची दोन माणसं होतात. सर्वांत जास्त नुकसान होतं ते बायकांचं. पीएच.डी. माहेरच्या आडनावाने, नोकरी सासरच्या आडनावाने, मध्ये वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव; तिच्या कामाचे दोन तुकडे पडतात आणि दोन्ही तुकडे छोटे दिसतात. २०१२पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, तो शास्त्रज्ञाला जन्मभर पुरतो, आडनाव बदललं तरी बदलत नाही. आमच्याकडे रुजू होणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्याच दिवशी तो काढायला बसवते.

सकाळी ८.४५

जांभोरी मैदानाकडून वरळी नाक्यावर, तिथून बस. डिलाईल रोडला गर्दी, करी रोडला त्याहून जास्त. पण ह्या रस्त्याच्या शेवटी परळ आहे आणि परळची मला फार माया आहे. गिरण्यांचं परळ सगळ्यांना ठाऊक असतं. प्रयोगशाळांचं परळ फारसं कोणाच्या बोलण्यात येत नाही. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनचं नाव लावणारी संस्था इथे आहे. टाटा मेमोरियल इथे आहे. १९२६ला सुरू झालेलं केईएम आणि त्याला जोडलेलं सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेज इथे आहे. भोंग्याच्या आवाजात इथे सूक्ष्मदर्शकांवर डोळे लावून माणसं बसली आणि त्यांचं काम जगभर गेलं.

सकाळी ९.३०

संगणक सुरू केला की तीन खिडक्या उघडायच्या: गुगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स. एकाच शास्त्रज्ञाचे तिन्हीकडे तीन आकडे येतात आणि प्रत्येकाला सर्वांत मोठा आकडा खरा वाटतो.

फरकाचं कारण सरळ आहे. स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, परिषदांमधले लेख, सगळं धरतं, म्हणून तिथला आकडा फुगतो. बाकीचे दोघे निवडक प्रकाशनंच मोजतात. मराठीत किंवा स्थानिक जर्नलात छापलेलं काम त्यांच्या जाळ्यात बहुधा येतच नाही. आदिवासी पाड्यावरच्या रक्तक्षयाबद्दल जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यासाठी लिहिलेला अहवाल तिन्हीकडे शून्य धरला जातो, मग त्यावरून गोळ्यांचं वाटप बदललेलं असलं तरी. म्हणून माझ्या तक्त्यात आकड्याशेजारी तो कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला घेतला, हे लिहिलेलं असतं. स्रोत न सांगितलेला आकडा मी स्वीकारत नाही.

सकाळी १०.४५

नव्याने रुजू झालेला एक संशोधक आला. "मॅडम, माझा एच-इंडेक्स काढून द्याल का? फॉर्मवर भरायचाय."

मी म्हटलं, "काढून देते, पण आधी तू स्वतः काढ." कागद पुढे केला. आपण काय मोजतोय हे ज्याचं त्याला कळलंच पाहिजे.

समजा, एखाद्याचे दहा निबंध आहेत. कोणता किती वेळा उद्धृत झाला, ते मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या क्रमाने लिहायचं: ४१, २८, १९, १२, ९, ७, ६, ४, १, ०. आता वरून क्रमांक मोजत यायचं. पहिल्याला ४१, एकाहून जास्त. दुसऱ्याला २८, दोनाहून जास्त. असं करत सहाव्यापाशी आलो की तिथे ७ आहेत, चाललं. सातव्याला मात्र ६च, म्हणजे कमी पडले. तिथे थांबायचं. एच-इंडेक्स ६. सहा निबंध असे, की प्रत्येकाचा दाखला किमान सहा वेळा घेतला गेलाय. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ला ही रीत मांडली आणि बघता बघता ती जगभरच्या फॉर्मांवर जाऊन बसली.

पोराच्या लगेच लक्षात आलं. म्हणाला, "मॅडम, ते ४१चे ४०० झाले तरी एच सहाच राहणार?"

राहणार. एकाच निबंधाने सगळं शास्त्र पालटलं, तरी ह्या आकड्याला त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढत जातो, खाली कधी येत नाही, त्यामुळे तिशीतल्या माणसाला पन्नाशीतल्याच्या शेजारी उभं करून तो वापरणं अन्याय आहे. विषय बदलला की मापही बदलतं. कर्करोगाच्या संशोधनात हजारो लोक एकमेकांना उद्धृत करत असतात. शुद्ध गणितात एखाद्या प्रश्नावर जगात मोजकीच माणसं असतात. मग त्याला म्हटलं, "आता ह्यातून तू स्वतःच स्वतःला उद्धृत केलेले वजा कर." तो हसला आणि वजाबाकीला बसला.

दुपारी १२.१५

समितीच्या फॉर्मवर जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरचा एक रकाना आहे. त्याबद्दल दर वर्षी मी एक टीप जोडते. आज ती नव्याने लिहिली.

ही मोजणी जन्माला आली ती ग्रंथालयाच्या गरजेतून. १९२७ला ग्रॉस नावाच्या दोघा अभ्यासकांनी रसायनशास्त्राच्या एका जर्नलातले संदर्भ मोजले. छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयाने मर्यादित पैशांत कोणती नियतकालिकं घ्यावीत, हा त्यांचा प्रश्न होता. १९५५ला यूजीन गारफिल्ड यांनी 'सायन्स'मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि १९६०च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' छापील खंडांत येऊ लागला. त्याचा हेतूही शोध घेण्याचा होता: जुना निबंध हातात आहे, तर त्याच्यानंतर त्या विषयावर कोणी काय केलं ते सापडावं. सूचीत कोणती जर्नलं घ्यायची हे ठरवताना इम्पॅक्ट फॅक्टर तयार झाला. आधीच्या दोन वर्षांत एका जर्नलात आलेल्या लेखांना यंदा मिळालेले दाखले भागिले त्या दोन वर्षांतले लेख, एवढंच ते गणित.

म्हणजे ही जर्नलाची सरासरी आहे. एका जर्नलातले थोडे लेख भरपूर उद्धृत होतात आणि बाकीचे फारसे होत नाहीत; सरासरीवरून त्यातल्या एका लेखाची किंमत कळत नाही, मग तो लिहिणाऱ्या माणसाची कशी कळावी? डिसेंबर २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या शास्त्रज्ञांनी आणि संपादकांनी नेमकं हेच जाहीर केलं: जर्नलाच्या गुणांकावरून माणसाची भरती, बढती, अनुदान ठरवू नका. ग्रंथपाल म्हणून मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. जर्नल विकत घ्यायचं की नाही, यासाठी केलेली ही मोजपट्टी माणसांना लावू नये.

दुपारी १.३०

जेवायला रक्तपेढीत तंत्रज्ञ असलेली माझी मैत्रीण येते. डबे उघडले आणि तिने सकाळची हकिगत सांगितली. एका नमुन्याचा गट पुढून तपासला तर ओ आला, मागून तपासला तर जुळेना.

रक्तगट दोन्ही बाजूंनी तपासतात. पुढून म्हणजे माणसाच्या लाल पेशी घ्यायच्या आणि त्यांवर ए-विरोधी, बी-विरोधी द्रव टाकायचा. दोन्हींत गुठळी झाली नाही तर गट ओ. मागून म्हणजे त्याचं सीरम घ्यायचं आणि त्यात ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशी टाकायच्या. ओ गटाच्या माणसाचं सीरम ए आणि बी पेशींच्या गुठळ्या करतं, ओ पेशींना हात लावत नाही. ट्यूब फिरवली, उजेडाकडे धरली, हलकेच टिचकी मारली की तळाची लाल गोळी धुरासारखी विरघळून वर यायला हवी. तिच्या हातातल्या ट्यूबमध्ये ओ पेशींचीही घट्ट गाठ तशीच राहिली. मग तिने त्या माणसाच्या पेशींना, एच हा गुण ओळखणारा अँटी-एच द्रव लावून पाहिला. काहीच प्रतिक्रिया नाही. हा बॉम्बे रक्तगट.

फक्त पुढून तपासून घाईघाईत 'ओ' लिहिलं असतं आणि ओ रक्त चढवलं असतं, तर रुग्णाच्या जिवावर बेतलं असतं. बॉम्बे गटाच्या माणसाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असा माणूस सापडतो. युरोपात दहा लाखांत एखादा. मैत्रीण सकाळपासून दात्यांच्या यादीवर फोन करत होती. जेवण अर्ध्यावर टाकून तिने आलेला फोन घेतला. एक दाता मिळाला होता.

दुपारी २.३०

तिच्या बोलण्याने मी आज पुन्हा ती दोन पानं काढली. 'द लॅन्सेट', मे १९५२, पानं ९०३ आणि ९०४. एबीओ पद्धतीशी नातं असलेल्या एका 'नव्या' रक्तगट-गुणाबद्दलचा छोटा निबंध. लेखक सात: वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया, मग रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन, विनिफ्रेड वॉटकिन्स. पहिले तिघे आमच्या परळचे, पुढचे चौघे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले.

परळच्या तिघांना जे दिसलं ते माझ्या मैत्रिणीला आज दिसलं तसंच होतं. रेल्वे अपघातातला एक जखमी, भोसकला गेलेला एक, अशा माणसांचं रक्त कोणाशीच जुळेना. पण १९५२ला त्याला नाव नव्हतं, पुस्तकात उत्तर नव्हतं. दाते तपासत राहायचं आणि नोंदत राहायचं, एवढंच हातात होतं. तपासणीतच काही चूक झाली असेल असं म्हणून पुढच्या नमुन्याकडे वळणं अगदी सोपं होतं. ते वळले नाहीत.

लंडनकडे दुसरी बाजू होती. रेस आणि सँगर त्या काळी रक्तगटांच्या अभ्यासातली जगातली मोठी जोडी. मॉर्गन आणि वॉटकिन्स रक्तगटांमागचं रसायन शोधत होते. त्याच वर्षी त्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं होतं, की एच हा गुण फ्यूकोज नावाच्या साखरेशी जोडलेला आहे. परळचं कोडं त्यांच्या कामात नेमकं बसलं. पेशीवर आधी एचचा पाया तयार होतो, त्यावर ए किंवा बीची साखर चढते. ज्याच्यात पायाच नाही, त्याच्यावर काहीच चढत नाही, मग त्याच्या आईबापांनी ए किंवा बीचं जनुक दिलेलं का असेना. म्हणून 'ओ' दिसणाऱ्या आईच्या मुलाचा गट कधीकधी कोड्यात टाकतो आणि निष्पाप बाईवर संशय येऊ शकतो. त्या दोन पानांची मदत अशा घरातही पोचलेली आहे.

ह्या निबंधाचा प्रभाव मोजायचा कसा? दाखल्यांचा माग काढला तर एक साखळी सापडते. १९५५ला अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबात हाच प्रकार अभ्यासला. १९५९ला वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी ए, बी, एच कसे तयार होत असावेत याचा संभाव्य मार्ग मांडला. १९९०ला एचचं जनुक हाती आलं, १९९४ला बॉम्बे गटात त्या जनुकात काय बिघडतं ते कळलं. इथे परळला भाटियांनी तो विषय पुढे नेला. १९७४ला त्यांनी आणि साठे यांनी मुंबईत हा गट किती आढळतो याचा अभ्यास छापला. १९५७ला रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली संस्था आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था म्हणून केईएमच्या आवारात उभी आहे.

पण ही साखळी म्हणजे फक्त छापलेला भाग. माझ्या मैत्रिणीने आज सकाळी जो जीव वाचवला, त्याच्या केसपेपरवर भेंडे-देशपांडे-भाटियांचा संदर्भ कोणी लिहिला नाही, आणि लिहायचं कारणही नाही. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात 'बॉम्बे गट' असं म्हणतात आणि पुढे जातात. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने हे बरोबर हेरलं होतं: शोध सगळ्यांच्या माहितीत इतका मिसळून जातो, की मूळ निबंधाचं नाव घ्यायची गरजच उरत नाही. शोध जितका खोल रुजतो, तितके त्याचे दाखले कमी दिसू लागतात. उलट टोकाला ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१चा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा निबंध. तीन लाखांहून जास्त दाखले, सर्वांत जास्त उद्धृत झालेलं काम. पद्धत उपयोगी आहे, म्हणून प्रत्येकाला ती सांगावी लागते. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा निबंध मात्र 'नेचर'ने २०१४ला काढलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीत नव्हता. ज्याला ह्या दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत, तो दाखल्यांची संख्या हेच मोठेपण असं म्हणणार नाही.

दुपारी ४.००

अहवालातला शेवटचा तक्ता सहकार्याचा. कोणाबरोबर निबंध लिहिले, कोणत्या संस्थांशी, कोणत्या देशांशी. संगणक त्याचं जाळं काढून देतो: प्रत्येक माणूस एक ठिपका, दोघांनी मिळून लिहिलं की मध्ये रेष.

जाळं दिसायला सुरेख असतं, पण रेषेवरून कोणी काय केलं ते कळत नाही. २०१५ला हिग्ज कणाच्या वस्तुमानावर छापलेल्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते. त्यामागच्या सीएमएस प्रयोगात कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था सहभागी आहे. इतक्यांत एकेकाला पूर्ण श्रेय द्यायचं की एक पंचहजारांश? लॅन्सेटच्या निबंधात सातांत समान वाटलं, तर परळच्या वाट्याला सातातले तीन येतात. ज्यांनी कोडं ओळखलं, त्यांना अर्ध्याहून कमी! आज वैद्यकात शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. इथे शेवटी आहेत वॉटकिन्स आणि त्या तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. आजच्या चष्म्यातून पाहणारा परीक्षक भेंड्यांना पहिलं म्हणून आणि वॉटकिन्स यांना शेवटचं म्हणून गुण देईल, देशपांडे आणि भाटिया मधल्या गर्दीत जातील. आणि पुढे ह्याच शहरात तो विषय वर्षानुवर्षं सांभाळला भाटियांनी.

चांगलं सहकार्य म्हणजे काय, हे मला ह्या दोन पानांवरून कळतं. परळकडे रुग्ण होते, चिकाटी होती. लंडनकडे रसायनाची जाण होती. एकाशिवाय दुसरं अपुरं होतं. म्हणून तक्त्यात मी रेषांची संख्या देते आणि प्रत्येक महत्त्वाच्या निबंधापुढे त्या शास्त्रज्ञाने स्वतः केलेलं काम एका ओळीत विचारून लिहिते: नमुने गोळा केले, तपासणी उभारली, गणित केलं, की पैसे आणले.

आमच्या एक शास्त्रज्ञ मॅडम आहेत, बढतीच्या यादीत. त्यांचा एच-इंडेक्स यादीत खालचा आहे. त्यांनी जिल्ह्यांतल्या तंत्रज्ञांना सिकलसेलची तपासणी शिकवण्यात वर्षं घालवली. तो वेळ निबंधात दिसत नाही. ह्याच परळात डॉ. कमल रणदिवे यांनी कर्करोग संशोधन केंद्रात पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, १९७३ला भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना सुरू करण्यात त्या आघाडीवर होत्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसांचं काम त्यांच्या खात्यात कोणी जमा करत नाही. मॅडमच्या नावापुढे मी वेगळा परिच्छेद लिहिला: कुठे शिकवलं, किती केंद्रं आज स्वतःच्या बळावर तपासणी करतात, त्याचे कागद सोबत.

संध्याकाळी ५.१५

अहवाल पाठवला. प्रत्येक आकड्याला स्रोत, तारीख, विषयाची सरासरी. त्यावर एक पानी टिपण.

संध्याकाळी ७.३०

चाळीतल्या मंडळाच्या अभ्यासिकेत आठवड्यातून एकदा मी गणित घेते. आज पोरांना म्हटलं, चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यापासून लहान असे मांडा, मग उलटे मांडा आणि वजा करा; उत्तराच्या अंकांवर पुन्हा तेच. एकाने ३५२४ घेतले. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च. पलीकडच्या बाकावरच्या मुलीने दुसरेच अंक घेतले होते, तिचेही ६१७४. मग सगळ्यांचा गलका.

हा आकडा शोधून काढला देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी. पीएच.डी. नाही, प्रयोगशाळा नाही, सोबत दुसरा लेखक नाही. सहकार्याच्या जाळ्यात त्यांचा ठिपका एकटाच पडेल. १९५५ला त्यांनी हे छापलं, पण जगाला कळलं ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ला 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिलं तेव्हा. वीस वर्षं! दोन वर्षांचे दाखले मोजणाऱ्या मापाने कापरेकर नापास झाले असते. वरळीतली पोरं मात्र आज त्यांच्या नावाने टाळ्या वाजवत होती.

रात्री १०.००

सासूबाई परळच्या एका हॉस्पिटलात आया होत्या. वॉर्डातून प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या नेण्याचं काम त्यांनी नोकरीभर केलं. त्यांना मी भेंडे-भाटियांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "बाटलीवरचं नाव आणि वहीतलं नाव एक आहे का, हे मी दर वेळी बघायचे गं. तिथे चुकलं तर पुढच्या डॉक्टरांचं सगळंच चुकतं."

लॅन्सेटच्या त्या निबंधामागे अशीही माणसं असणार: नमुने नेणारी, दाते म्हणून हात पुढे करणारी आणि ज्यांच्या रक्तामुळे हे कळलं ते रुग्ण. त्यांची नावं मिळणार नाहीत. पण शास्त्रज्ञाची पारख करताना त्याने अशा माणसांशी कसं नातं ठेवलं, त्यांना काय परत दिलं, हे विचारता येतं, आणि विचारलं पाहिजे.

आकडे काढणं हे माझं काम आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. नीट काढलेला आकडा ओळखीपाळखीला चाप लावतो, दुर्लक्षित माणूस पुढे आणतो, नाव विभागल्यामुळे हरवलेल्या बाईचं काम तिला परत मिळवून देतो. पण आकडा सुरुवातीला लागतो, निकालाला नाही. म्हणून टिपणाच्या शेवटी मी समितीला एकच विनंती केली आहे: यादीतल्या प्रत्येकाने स्वतः निवडून दिलेला आपला सर्वांत चांगला निबंध प्रत्येक सदस्याने चर्चेआधी वाचावा. उद्या सकाळी मी त्या निबंधांच्या प्रती काढून प्रत्येक खुर्चीपुढे ठेवणार आहे. एक निबंध वाचायला तास-दीड तास लागतो, आणि ज्याच्या अर्ध्या आयुष्याचा निर्णय आपण घेतोय, त्याचं तेवढं देणं आपण लागतो.